वाऱ्याने नव्हे, जंतूंनी होतो न्यूमोनिया

‘बाळाला वारं लागलं की न्यूमोनिया होतो’ हा समज व्हिएतनाममध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. म्हणून खिडक्या बंद, बाळावर कपड्यांचे थर आणि काही घरांत बाळंतिणीच्या खाटेखाली कोळशाची शेगडी. न्यूमोनिया होतो तो न्यूमोकोकस, हिब, आरएसव्ही अशा जंतूंमुळे. कोंडलेल्या धुराने श्वासनलिकेचं अस्तर दुखावतं आणि जंतूंचं फावतं. जळत्या कोळशातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू तर थेट जिवावर बेततो. आणि थरांखाली छातीच दिसत नाही!

पाहायची असते ती छातीच. बाळ शांत असताना झबलं वर करा, श्वास पूर्ण १ मिनिट मोजा. १५ सेकंद मोजून चौपट करू नका, तान्ह्यांचा श्वास एकसारखा नसतो. २ महिन्यांखाली ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांत ५० किंवा जास्त, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, तर लगेच दवाखाना गाठा, ताप नसला तरी. ‘वारं काढायला’ नाण्याने पाठ घासण्याच्या तिथल्या घरगुती उपायात मोलाचा वेळ जातो.

पहिले ६ महिने फक्त आईचं दूध द्या. हिबपासून बचावासाठी व्हिएतनाममध्ये २, ३ आणि ४ महिन्यांना पेंटाव्हॅलंट (पाच आजारांवरची) लस देतात. तिथल्या सरकारी लसीकरणात पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लसही दिली गेली आहे.