नोकरी शोधणाऱ्याचं ॲप: गिरणीच्या फाटकापासून मोबाइलपर्यंत

नोकरी शोधणाऱ्यांसाठी सोपं ॲप बनवायचं म्हटलं की चर्चा रंग, बटणं आणि स्क्रीनची संख्या यांपासून सुरू होते. त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी: आपल्याकडे काम शोधण्याची जी साधनं तयार झाली, ती कुणाच्या सोयीसाठी? माझ्या मते बहुतेक सगळी काम देणाऱ्याच्या किंवा नोंद ठेवणाऱ्याच्या सोयीची होती. त्यांच्या खुणा आजच्या ॲपमध्येही दिसतात.

मुंबईच्या गिरणगावात भरती जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या हाती असे. कोकणातून किंवा घाटावरून आलेला माणूस गाववाल्याच्या ओळखीने जॉबरपर्यंत पोचायचा आणि काम लागलं तर त्याला दस्तुरी, म्हणजे दलाली द्यायचा. कामगारविषयक रॉयल कमिशनने १९३१ च्या अहवालात भरतीचा हा अधिकार जॉबरकडून काढून घ्यावा असं सुचवलं. १९३५ मध्ये गिरणीमालक संघाने बदली कामगारांसाठी, म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी घ्यायच्या लोकांसाठी, नवी पद्धत आणली. ठरावीक लोकांना महिन्याच्या सुरुवातीला बदली कार्ड मिळे, त्यांनी रोज सकाळी फाटकावर हजर व्हायचं आणि जागा रिकामी असली तर त्यांच्यातूनच माणूस घ्यायचा. हातात कार्ड आलं, पण आज काम मिळणार की नाही हे फाटकावर गेल्याशिवाय कळत नव्हतं.

दुसरं महायुद्ध संपत आलं तेव्हा, १९४५ मध्ये, सैन्यातून परतणाऱ्या जवानांसाठी सरकारने रोजगार विनिमय केंद्रं उघडली. १९४८ मध्ये ती सर्वांना खुली झाली आणि शिवा राव समितीच्या शिफारशीनंतर १ नोव्हेंबर १९५६ पासून त्यांचा दैनंदिन कारभार राज्यांकडे आला. कित्येक घरांतल्या ट्रंकेत आजही ‘एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड’ सापडेल. उमेदवाराची माहिती एक्स-१ या कार्डावर भरली जाई. त्यावर राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणाचा सांकेतिक क्रमांक पडे आणि ते त्या क्रमांकाच्या खणात, नोंदणीच्या ज्येष्ठतेप्रमाणे जाऊन बसे. उमेदवाराकडे राही ते ओळखपत्र. ठरलेल्या मुदतीत नूतनीकरण केलं नाही की ज्येष्ठता जाई.

१९५९ च्या कायद्याने सरकारी आस्थापनांना, तसंच २५ किंवा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा केंद्राला कळवणं बंधनकारक केलं. त्याच कायद्यात हेही स्पष्ट होतं की जागा कळवली म्हणून केंद्रामार्फतच भरती करण्याचं बंधन मालकावर नाही. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की केंद्राकडून नावं मागवण्यासोबत वर्तमानपत्रं, आकाशवाणी, दूरदर्शन यांतूनही जागांची माहिती द्यावी. कार्ड नसलेल्यांसाठी तो निकाल मोलाचा ठरला.

तोपर्यंत सुशिक्षितांचा शोध छापील जाहिरातींकडे वळलेलाच होता. १९७६ पासून ‘रोजगार समाचार’ होतं, इंग्रजी नियतकालिकांत जागांची पानं होती. ती पानं सहकारी किती आवडीने चाळतात हे संजीव बिखचंदानी यांनी नोकरीत असताना पाहिलं आणि १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम सुरू झालं. उमेदवाराला सेवा फुकट आणि भरती करणाऱ्या कंपनीकडून पैसे, हा व्यवहार तिथे रुजला आणि मांडणीही त्यानुसार ठरली. सीव्ही, कौशल्यांचे शब्द, अनुभवाची वर्षं, सध्याचा पगार, नोटीस पिरियड. कंपनीला हजारो सीव्हींतून चाळणी लावता यावी म्हणून हे रकाने आहेत. कार्यालयीन नोकरीसाठी ते चालून गेले. चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईने ‘सध्याच्या कंपनीचं नाव’ या रकान्यात काय लिहायचं?

हा प्रश्न मनापासून हाताळणारं काम २००६ च्या सुमारास बंगळुरूत झालं. मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियामध्ये इंद्राणी मेढी, अमन सागर आणि केंतारो तोयामा यांनी वस्त्यांमधल्या, फारसं लिहिता-वाचता न येणाऱ्या घरकामगार महिलांसाठी काम शोधण्याचं सॉफ्टवेअर तयार केलं. मेढी यांचं आर्किटेक्चरचं शिक्षण नागपूरच्या व्हीएनआयटीतलं आणि पुढची पीएचडी आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमधली. सॉफ्टवेअर संगणकासाठी होतं, मोबाइलसाठी नव्हतं, तरी त्यातले निष्कर्ष आजही प्रत्येक डिझायनरने वाचावेत असे आहेत.

स्क्रीनवर मजकूर नव्हता. चित्रं होती आणि प्रत्येक चित्राचा अर्थ सांगणारा आवाज होता. नुसती भांडी किंवा नुसती चूल काढली की बायकांना ती वस्तू किंवा स्वयंपाकघराची जागा वाटे. नळातून पडणारं पाणी आणि पातेल्यातून निघणारी वाफ दाखवल्यावर ते ‘भांडी घासणं’ आणि ‘स्वयंपाक करणं’ झालं. पूर्ण अमूर्त चिन्हांपेक्षा हाताने काढलेली साधी रेखाचित्रं उपयोगी पडली. आकडे मात्र चालत होते, त्यामुळे पगार अंकांत ठेवता आला. प्रत्येक पडद्यावर मदतीची सोय ठेवलेली होती.

त्याहून मोठा शोध वेगळाच होता. या यंत्रात कामाची माहिती येते कुठून, हेच अनेकींना उमगत नव्हतं. शिवाय हात लावला तर बिघडेल ही भीती होती. म्हणून संशोधकांनी एक छोटा व्हिडिओ सुरुवातीला ठेवला. त्यात मालकीणबाईला कामाला माणूस हवं असणं, ती माहिती संगणकात जाणं आणि ती पाहून एका बाईला काम मिळणं, ही सगळी साखळी नाट्यरूपात होती. त्यानंतर वापरण्याची उमेद आणि समज दोन्ही वाढल्या. बटण कुठे ठेवायचं याआधी विश्वास कसा बसवायचा, हे इथे प्रत्यक्ष सिद्ध झालं.

त्याच शहरात, त्याच संशोधन संस्थेतून बाहेर पडलेल्या शॉन ब्लॅग्सवेट यांनी २००७ मध्ये बाबाजॉब सुरू केलं. ड्रायव्हर, स्वयंपाकी, सुरक्षारक्षक यांच्याकडे इंटरनेट नव्हतं, पण कीपॅडचा फोन होता. मग एसएमएस, रेकॉर्ड केलेल्या आवाजावर चालणारी सेवा आणि मिस्ड कॉल यांवर काम चाललं. २०१७ मध्ये ते क्विकर या ऑनलाइन जाहिरातींच्या कंपनीने विकत घेतलं.

२०१५ मध्ये केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आलं, पुढे महाराष्ट्र सरकारचं महास्वयम् पोर्टल आलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि स्वस्त डेटामुळे नाक्यावर उभ्या राहणाऱ्या गवंड्याच्या खिशातही स्मार्टफोन पोचला. २०१९ मध्ये सुरू झालेल्या ‘अपना’ने सीव्हीऐवजी डिजिटल व्हिजिटिंग कार्ड आणि एकाच धंद्यातल्या लोकांचे गट पुढे आणले. गुगलनेही २०२० मध्ये ‘कोर्मो जॉब्स’ भारतात आणलं आणि नंतर बंद केलं.

याच काळात व्हॉट्सॲपवर नोकरीचे खोटे मेसेज आणि ‘रजिस्ट्रेशनचे पैसे भरा’ म्हणणारे फोन वाढले. म्हणून मला वाटतं, आज सोपं ॲप म्हणजे पहिल्याच पडद्यावर हातात पडणारा पगार, घरापासूनचं अंतर, कामाची वेळ आणि मालकाची पडताळणी झाली आहे का, हे मराठीत दाखवणारं ॲप. ईमेलची सक्ती नको. घरात एकच फोन असेल तर दोघांना वापरता यावं. आणि अर्ज पाहिला, निवडला की नाकारला, हे कळायलाच हवं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात काम मागणाऱ्याला तारखेची पोच द्यावी लागे आणि १५ दिवसांत काम दिलं नाही तर भत्ता. ॲपवरच्या उमेदवाराला बहुतेकदा नुसतं ‘अप्लाइड’ दिसतं, पुढे काही नाही.

१९५९ चा कायदा आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. रोजगार विनिमय केंद्राचं ‘करिअर सेंटर’ झालं आणि खासगी आस्थापनांसाठीची मर्यादा २५ वरून २० कामगारांवर आली. रिक्त जागा कळवण्याचं बंधन कायम आहे. अर्ज करणाऱ्याला उत्तर देण्याचं बंधन मात्र त्यात नाही. ते ॲप बनवणाऱ्यालाच स्वतःवर घालून घ्यावं लागेल.