आवाज मोजायचा कुठे? हॉटेलातल्या गोंगाटाची पार्श्वभूमी

बाहेर जेवायला गेलं की समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही, ही तक्रार आता नेहमीची झाली आहे. मॅनेजरला सांगितलं की गाणी दोन मिनिटं हळू होतात आणि पुन्हा चढतात. कायद्याचा आधार घ्यावा तर तोही नीट मिळत नाही. त्याचं कारण गेल्या पंचवीसेक वर्षांतल्या नियमांत आहे.

जुनी हॉटेलं शांत होती अशातला भाग नाही. इराण्याकडे संगमरवरी टेबलं, भिंतभर आरसे आणि कुठेकुठे ज्यूकबॉक्स होता. उडप्याकडे ‘दोन मसाला, एक साधा’ ही आरोळी आणि टबात पडणाऱ्या स्टीलच्या पेल्यांचा खणखणाट. पण छत उंच होतं, दारं उघडी होती. आवाज रस्त्यावर निघून जायचा. एसी आल्यावर दारं बंद झाली. सुरुवातीच्या एसी हॉलमध्ये निदान पडदे, गालिचे, टेबलक्लॉथ असत. पुढे उघडं काँक्रीट, काच, समोर दिसणारं किचन यांची फॅशन आली आणि कापड गेलं. धुलाईचा खर्चही वाचला, हे कोणी बोलून दाखवत नाही. चकचकीत टाइल आपल्यावर आदळलेल्या आवाजातला जेमतेम एक-दोन टक्के शोषते. बाकी सगळा परत टेबलावर.

त्यात माणसाचा स्वभाव. आजूबाजूला गलका असला की आपण नकळत आवाज चढवतो, हे एका फ्रेंच डॉक्टरने १९११ सालीच नोंदवलं होतं. एक टेबल चढलं की शेजारचं चढतं. गाण्यांचा हिशेब मात्र नकळत होतो असं म्हणवत नाही. फ्रान्समध्येच बारमधल्या गाण्यांचा आवाज ७२ डेसिबलवरून ८८ वर नेऊन पाहिला, तेव्हा गिऱ्हाइकं जास्त बिअर प्यायली आणि ग्लासही लवकर संपवले. तो निष्कर्ष २००८ मध्ये छापून आला. धंदेवाल्यांना त्याची कल्पना आधीपासून असावी.

आता कायदा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी व्यापारी भागासाठी दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, निवासी भागासाठी ५५ आणि ४५ अशी मर्यादा घातली. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. अपवाद बंदिस्त जागेचा, तोही आतल्या आत ऐकण्यापुरता. नियमात उदाहरणं दिली ती प्रेक्षागृह, परिषदेचा हॉल, समाजमंदिर, मेजवानीचा हॉल यांची. उपाहारगृहाचं नाव त्यात नाही. उदाहरणं म्हणजे पूर्ण यादी नव्हे, असा अर्थ काढायला वाव राहिला आणि तो काढला गेला. शिवाय बंदिस्त म्हणजे किती बंदिस्त? काचेचं सरकतं दार निम्मं उघडं असलं तर? गच्चीवर ताडपत्री टाकली तर?

त्याहून मोठा घोळ सार्वजनिक आणि खासगी जागेचा. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल ते चालतं. खासगी जागेला सवलत फक्त ५ ची. पुढे २०१० च्या दुरुस्तीत लोकांना जिथे प्रवेश आहे ती जागा सार्वजनिक ठरली. मग मालकी खासगी, दार सगळ्यांना उघडं, अशा हॉटेलाला व्यापारी भागात दिवसा ७० लावायचे की ७५? डेसिबलच्या हिशेबात पाचाचा फरक म्हणजे ध्वनीची तीव्रता तिपटीहून जास्त.

यावर वाद घालताना एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून निसटली. दोन्ही आकडे हद्दीवरचे आहेत. तळमजल्यावर हॉटेल आणि वर बिऱ्हाडं असलेल्या इमारतीत ते गरजेचेच होते. पण आतल्या टेबलाशी किती आवाज चालेल, याला त्या नियमांत आकडाच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या निकालात नको असलेला आवाज कोणावर लादता येणार नाही असं म्हटलं. तिथेही डोळ्यांसमोर होता तो घरात बसलेला माणूस. पैसे मोजून आत आलेला गिऱ्हाईक स्वखुशीने आला, असं धरून चाललं आहे. मला हे पटत नाही. मेन्यूकार्ड दाराबाहेर लावतात, आवाज कोणी लावत नाही.

वेटरची गत आणखी वाईट. कारखान्यांसाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे, पण कारखान्याच्या व्याख्येतूनच हॉटेल आणि उपाहारगृह वगळलेलं आहे.

मुंबईत २०१७ च्या नोव्हेंबरात गच्चीवरच्या हॉटेलांचं धोरण मंजूर झालं, आणि डिसेंबर संपता संपता लोअर परळच्या गच्चीवरची आग १४ जणांचे जीव घेऊन गेली. त्यानंतर चर्चा साहजिकच आगीच्या सुरक्षेची झाली, आवाजाची मागे पडली. गोव्यात पाळोळ्याला दहानंतर हेडफोन लावून नाचायची तोड निघाली. जेवणाच्या टेबलावर तिचा उपयोग नाही. अमेरिकेत काही समीक्षक १९९० च्या दशकापासून जेवणाबरोबर आवाजालाही गुण देऊ लागले, आता फोनवर मोजून आकडा टाकणारी अ‍ॅप्स आहेत. आपल्याकडच्या रिव्ह्यूंत ‘ॲम्बियन्स मस्त’ एवढ्यावर भागतं.

काही नवे मालक छताला कापडी पॅनल लावतात. खोलीची शोषणक्षमता दुप्पट केली तरी आवाज तीनच डेसिबल उतरतो, म्हणून खर्च वाया गेला असं त्यांना वाटतं. पण गलका उतरला की माणसंही आवाज उतरवतात, त्यामुळे प्रत्यक्षात फरक जास्त पडतो. ज्यांना श्रवणयंत्र आहे ते तोवर साडेसातलाच जाऊन, स्पीकरपासून लांबचं, गादीच्या पाठीचं कोपऱ्यातलं टेबल मागून घेतात.