जुनी एस्टीम घरी बांधून रॅलीला न्यायचीये? आधी आरसी हातात घ्या, पाना नंतर

परवा परत एका मुलाचा फोन आला. २००४ ची मारुती एस्टीम, दीड वर्ष बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये बसून बांधलेली, हेडचं काम केलं, सगळे बुश बदलले, ब्रेकच्या लाइनी स्वतः वाकवून टाकल्या. आता ऑटोक्रॉसला, म्हणजे मैदानात आखलेल्या मार्गावरच्या वेळेच्या शर्यतीला, एन्ट्री भरायची म्हणून कागद काढले तर आरसी २०१९ लाच संपलेली. तो म्हणाला, दादा पण ॲपमध्ये टॅक्ससमोर एलटीटी दिसतंय, म्हणजे लाइफटाइम ना? नाही रे बाबा, ते टॅक्सचं. टॅक्स एकदाच भरलाय, रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचंच असतं.

हा घोळ मी इतक्यांचा बघितलाय की शेवटी लिहायलाच बसलो. गाडी कशी बांधायची हे सांगणारे व्हिडिओ ढीगभर आहेत, पण बांधलेली गाडी कागदावर कशी जिवंत ठेवायची हे कोणी सांगत नाही, आणि मुलं अडकतात ती तिथेच. तर गाडी घोडीवर चढवायच्या आधी, किंवा खरं तर विकत घ्यायच्याही आधी, हे वाचा.

आरसीपासून सुरू करू. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षं, नंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचं. अर्ज फॉर्म २५, परिवहनच्या वेबसाइटवरून ऑनलाइन भरायचा, फी भरायची, अपॉइंटमेंट घ्यायची, गाडी मोटार वाहन निरीक्षकाला दाखवायची, एवढंच. लोक चुकतात ती तारीख. नियमात साठ दिवस लिहिलेत ते मुदत संपायच्या आधीचे, म्हणजे संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. बरेच जण समजतात की संपल्यावर साठ दिवस सवलत आहे. तशी काही सवलत नाहीये, संपल्यावर महिन्याच्या हिशोबाने जादा फी लागते आणि गाडी चार वर्षं स्टँडवर उभी होती, एक मीटर चालली नाही, हे कारण कोणी ऐकत नाही. फी पण आता हलकी राहिली नाही. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या कारला ६०० चे ५,००० झाले, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. इम्पोर्टेड चारचाकी असेल आणि वीस वर्षं उलटली असतील तर ८०,०००. महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. म्हणजे २००४ ची एस्टीम पन्नास हजारात मिळतेय म्हणून उडी मारताना हे पैसे त्यात धरा.

जुन्या गाड्यांचं अजून एक दुखणं म्हणजे पुस्तकवाली आरसी, हाताने लिहिलेली. ती गाडी ऑनलाइन दिसतच नाही, अर्ज पुढे सरकतच नाही. त्याला बॅकलॉग एन्ट्री, म्हणजे जुनी नोंद कॉम्प्युटरवर चढवून, घ्यावी लागते आणि ती जिथे गाडी मुळात रजिस्टर झाली त्या आरटीओत. गाडी कोल्हापूरची, तुम्ही ठाण्याला, तर दोन-तीन फेऱ्या होणार हे गृहीत धरा आणि ते काम आधी करा. मोबाइल नंबरचंही तसंच, ‘वाहन’ या सरकारी सिस्टिमला आधीच्या मालकाचा नंबर असतो, ओटीपी त्याला जातो, आणि तो माणूस आता फोन उचलत नाही. गाडीचा सौदा करताना मालक समोर बसलेला असतानाच फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या घ्या, आरसीवर बँकेचा बोजा दिसत असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ मागा. परराज्यातली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त मिळतात त्याला कारण आहे, तिकडे पेट्रोलला पंधरा आणि डिझेलला दहा वर्षांचा नियम लागू होता आणि कित्येक गाड्यांची नोंदणीच रद्द झालेली असते. ट्रेलरवर घालून आणलीत आणि नंतर कळलं तर ती गाडी म्हणजे महागडं भंगार.

आता इंजिन, कारण सगळ्यात जास्त रडारड इथे होते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने जे स्पेसिफिकेशन दिलंय त्याच्याशी आरसीवरची माहिती विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पक्कं केलं. त्यामुळे मारुती ८०० मध्ये एस्टीमचं १.३ इंजिन टाकायचं जे स्वप्न असतं, कंपनी तीच, माउंट थोडे बदलले की बसतं, ते बसतं हो, पण आरसीवर ७९६ सीसी लिहिलंय आणि बॉनेटखाली १२९८ आहे, ते रस्त्यासाठी कोणी मंजूर करून देणार नाही. एजंट म्हणेल करून देतो. त्याला विचारा, नवीन आरसीवर काय छापून येणार? तिथे तो गप्प होतो. विनापरवाना बदलाला कलम १८२ए खाली प्रत्येक बदलामागे ५,००० दंड आहे आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, प्रत्येक बदलामागे हे लक्षात ठेवा.

एस्टीमचं इंजिन गेलं म्हणून एस्टीमचंच दुसरं टाकायचं असेल तर मार्ग आहे. परिवहनवर ऑल्टरेशनचा अर्ज, सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, कर्ज असेल तर बँकेचं संमतीपत्र आणि नव्या इंजिनाचं बिल. कायद्यात बदल केल्यापासून चौदा दिवसांत कळवायचं असं आहे, पण माझं ऐका, आधी परवानगी घ्या आणि मग इंजिन उतरवा.

आणि ते बिल, तोच तो कागद जो कोणाकडेच नसतो. इंजिन कुर्ल्यातून आणलेलं असो नाहीतर दिल्लीच्या मायापुरीतून नाहीतर चेन्नईच्या पुदुपेटमधून, रोख पैसे, पाठीला हात, झालं. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं ‘इंजिन १ नग’. ही चिठ्ठी आरटीओत चालत नाही आणि मला विचाराल तर चालूही नये, कारण ते इंजिन चोरीच्या गाडीचं असू शकतं आणि मग प्रश्न फीचा राहत नाही, पोलिसांचा होतो. त्यामुळे बिलावर जीएसटी नंबर, इंजिन नंबर पूर्ण, ज्या गाडीतून काढलं तिचा रजिस्ट्रेशन नंबर, आणि जमलं तर त्या गाडीच्या रद्द झालेल्या आरसीची किंवा स्क्रॅपिंग सर्टिफिकेटची झेरॉक्स. दुकानदार कुरकुर करेल. जो देणारच नाही त्याच्याकडून घेऊ नका, दोन-तीन हजार जास्त गेले तरी कागद देणारा बघा. पैसे द्यायच्या आधी एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो) वाहन समन्वय पोर्टलवर इंजिन नंबर टाकून चोरीची नोंद आहे का तेही बघून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे.

चेसिस नंबरबद्दल माझी स्वतःची गोष्ट सांगतो, कारण यात माझे तीन महिने गेलेत. एस्टीमचा नंबर इंजिन बेमध्ये फायरवॉलवर ठोकलेला असतो. मी इंजिन उतरवलं आणि बे पूर्ण रंगवायला दिली, पेंटर हात चांगला असलेला माणूस, त्याने गंजाचे खड्डे दिसले तसे सगळीकडे पुट्टी ओढली, घासली, वर प्रायमर आणि दोन कोट. बे आरशासारखी दिसत होती. नंबर गायब. मला कळलं ते तपासणीच्या आदल्या रात्री, प्रिंट काढायला पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा. घाईत मी वायर ब्रश लावला ड्रिलला आणि तीच मोठी चूक झाली, पुट्टी निघाली पण पत्र्यावर गोल गोल ओरखडे उठले, शेवटून तिसरा आकडा ८ का ३ कळेना. सकाळी निरीक्षकाने टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाले, हे खोडल्यासारखं वाटतंय. त्यांचं काही चुकलं नाही, मी त्यांच्या जागी असतो तर मीही तेच म्हणालो असतो. शेवटी जुन्या ट्रान्सफरच्या फाइलमधली प्रिंट शोधून जुळवली तेव्हा काम झालं, पण ती फाइल मिळेपर्यंत मी किती चकरा मारल्या ते मलाच माहीत.

म्हणून रंगाला द्यायच्या आधी नंबरवर पातळ कागद टेपने घट्ट लावा, मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरवा, चार-पाच प्रिंट काढून ठेवा, तारीख दिसेल असा फोटो काढा. मग नंबरवर ग्रीस लावून त्यावर मास्किंग टेपचे दोन थर, आणि पेंटरला तोंडी नाही, टेपवरच मार्करने लिहून द्या की इथे हात लावायचा नाही. आधीच पुट्टी भरली गेली असेल तर पेंट रिमूव्हर आणि लाकडी काडी, कितीही वेळ लागो. ग्राइंडर, वायर ब्रश, सँडब्लास्टिंग तिथे अजिबात नाही. गाडीचा रंगच बदलणार असाल तर तीही नोंद आरसीवर करून घ्या.

तपासणीला जाताना गाडी कंपनीतून आली तशी असू द्या. आरसीवर सीट ५ लिहिलंय आणि मागे नुसता पत्रा आहे, सायलेन्सर फ्री-फ्लो आहे, कॅटकॉन (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलाय, टायर फेंडरच्या बाहेर आलेत, तर परत पाठवणार. कॅटकॉन नसेल तर पीयूसीलाच गाडी पडते, पुढचं सोडाच. आरसी संपलेली गाडी चालवत आरटीओपर्यंत नेऊ नका, फ्लॅटबेड करा. आणि म्हणूनच मी सगळ्यांना सांगतो, पहिल्या गाडीला बोल्ट-इन केज घ्या, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा पिंजरा, वेल्ड न करता बोल्टने बसवायचा आणि काढता येणारा. रस्त्यावर गाडी स्टॉक, इव्हेंटला ट्रेलरवर, केज आणि बकेट सीट तिकडे बसवायची. त्रास आहे, दोन-तीन तास जातात, पण दोन्हीकडे मान ताठ ठेवून उभं राहता येतं.

केजचाही एक कागद आहे जो कोणाकडे नसतो, पाइपचं टेस्ट सर्टिफिकेट. एफआयए ही मोटारस्पोर्टची जागतिक संघटना, तिच्या अपेंडिक्स जे या नियमांत मेन हूपला, म्हणजे सीटमागच्या मुख्य कमानीला, कोल्ड ड्रॉन सीमलेस कार्बन स्टील लागतं, ४५ मिमी व्यास आणि २.५ जाडी किंवा ५० आणि २. आपला गल्लीतला फॅब्रिकेटर ईआरडब्ल्यू पाइप लावतो, म्हणजे शिवण असलेला, रंगवल्यावर दिसायला अगदी सारखाच. स्क्रुटिनीला, म्हणजे स्पर्धेआधी गाडी तपासतात तिथे, विचारलं की हा कुठला पाइप, तर उत्तर नसतं. आणि उलटताना तोच पाइप तुमच्या डोक्यावर असतो, इथे कृपा करून पैसे वाचवू नका. पाइप स्वतः विकत घ्या, सर्टिफिकेट मागून घ्या आणि मग फॅब्रिकेटरकडे न्या. पाय जिथे टेकतात तिथे किमान ३ मिमीची आणि १२० चौरस सेंटिमीटरची प्लेट, एम८ चे ८.८ ग्रेडचे तीन बोल्ट. हार्नेसच्या, म्हणजे रेसिंगच्या सीट बेल्टच्या, पट्ट्यावर ‘नॉट व्हॅलिड आफ्टर’ असं वर्ष असतं, ते वर्ष संपेपर्यंत चालतं. जुना हार्नेस स्वस्तात घेणारे हा पट्टा न बघता घेतात आणि स्क्रुटिनीच्या टेबलावर पहिल्यांदा वाचतात.

स्पर्धेचं लायसन्स एफएमएससीआयचं, देशातल्या मोटारस्पोर्टची ही संघटना चेन्नईतून चालते, अर्ज ऑनलाइन. फोटो, वयाचा पुरावा, ड्रायव्हिंग लायसन्स, ब्लड ग्रुप आणि डॉक्टरचं वैद्यकीय प्रमाणपत्र. डॉक्टरचा शिक्का आणि नोंदणी क्रमांक स्पष्ट दिसला पाहिजे, पुसट स्कॅन टाकू नका. लायसन्स कॅलेंडर वर्षाचं असतं, काढल्यापासून बारा महिन्यांचं नाही. नोव्हेंबरमध्ये काढलं तर ३१ डिसेंबरला संपलं, जानेवारीत परत पैसे. रॅलीला शेजारी बसणाऱ्यालाही लायसन्स लागतं, हे ऐन वेळी आठवतं आणि मग दोघंही घरी. गाडी वडिलांच्या किंवा मित्राच्या नावावर असेल तर मालकाचं सहीचं संमतीपत्र जवळ ठेवा. बाकी प्रत्येक इव्हेंटचे सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स पूर्ण वाचा, कुठल्या क्लासला काय चालतं ते तिथे असतं, व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही.

विम्याबद्दल सगळे गाफील असतात. नेहमीच्या कार पॉलिसीत ऑर्गनाइज्ड रेसिंग, स्पीड टेस्टिंग, रिलायबिलिटी ट्रायल हे सरळ वगळलेलं असतं. रॅलीसाठी पॉलिसीला जोडलेली वेगळी एन्डॉर्समेंट लागते, कंपनीला इव्हेंटच्या आधी लेखी विचारा आणि लेखीच उत्तर घ्या. आणि रात्री एक्सप्रेसवेवर ट्यूनिंग बघायला जाणाऱ्यांनो, कलम १८९, सार्वजनिक रस्त्यावर शर्यत किंवा वेगाची चाचणी, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठं म्हणजे समोरून कोणीतरी घरी चाललेलं असतं.

काही जण विचारतात की आजोबांची फियाट आहे, व्हिंटेजमध्ये टाकू का. २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली गाडी चालते, नवीन नोंदणीची फी २०,०००, मुदत दहा वर्षं, नंबरमध्ये व्हीए अक्षरं येतात. पण चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनमध्ये मोठा फेरफार झालेला नको, आणि गाडी फक्त प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं असल्या कामांसाठी रस्त्यावर आणता येते, रोज नाही. म्हणजे स्पर्धेसाठी बांधायची असेल तर हा रस्ता तुमचा नाही. आजोबांची आहे तशी जपायची असेल तर जरूर करा, फार सुंदर गोष्ट आहे.

एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, राहिलं. एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला ती प्लेट लागतेच आणि ती नसेल तर आरटीओत ट्रान्सफर वगैरे कामं अडतात. प्लेट बसवायला गाडी समोर लागते, बंपर आणि नंबर प्लेटची जागा शाबूत लागते. त्यामुळे गाडी विकत घेतल्या घेतल्या, एकही नट न उघडता आधी ती अपॉइंटमेंट घेऊन टाका. त्या फोनवाल्या मुलाचा बंपर आत्ता माळ्यावर आहे आणि रेडिएटर सपोर्ट कापलेला आहे, त्याला येत्या रविवारी मी वेल्डिंगला मदत करायला जातोय.