घुमट वर्गातील मुलांच्या पालकांसाठी: घरचे घुमट वर्गात का पाठवू नये

फोंड्यातील आमच्या वाद्यांच्या दुकानामागील खोलीत दर शनिवारी दुपारी दुसरी ते चौथीच्या मुलांचा घुमट वर्ग, म्हणजे कातड्याने मढवलेले गोव्याचे मातीचे तालवाद्य शिकवण्याचा वर्ग, भरतो, आणि जवळच्या दोन प्राथमिक शाळांत शाळा सुटल्यावर आठवड्यातून एकदा आमचेच शिक्षक हा वर्ग घेतात. प्रवेशाच्या वेळी जवळजवळ प्रत्येक घरातून एकच प्रश्न येतो: “आमच्याकडे आजोबांचे घुमट आहे, तेच मुलाबरोबर पाठवले तर चालेल ना?” आम्ही नम्रपणे नको म्हणतो. त्यावर काही पालक नाराज होतात, तर आम्हाला आमचा माल खपवायचा आहे, असा काहींचा समज होतो. घुमटे आम्ही विकतो हे खरे आहे, आणि ते लपवण्यासारखे नाही. तरीही नको म्हणण्यामागची कारणे वेगळी असल्यामुळे ती एकदा सविस्तर लिहून ठेवावीत, असे वाटले.

पहिले कारण वेळेचे आहे. वर्ग पंचेचाळीस मिनिटांचा असतो आणि त्यात बारा मुले असतात. गेल्या श्रावणात एका मुलाला त्याचे वडील भर पावसात स्कूटरवरून घेऊन आले. घुमट भिजू नये म्हणून त्यांनी ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीला घट्ट गाठ मारली होती. पिशवी सोडली तेव्हा तिच्या आतल्या बाजूने पाण्याचे थेंब ओघळत होते, आणि कातड्यावर बोट मारताच भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा थप्प असा आवाज आला. पावसाचा एक थेंबही घुमटाला लागला नव्हता. जुन्या कातड्यात घरीच मुरलेल्या दमटपणाला बंद पिशवीत बाहेर पडायला वाट मिळाली नव्हती, एवढेच. मोठी माणसे अशा वेळी घुमट निखाऱ्यांवर धरून तापवतात. आठ वर्षांच्या मुलांच्या घोळक्यात आम्ही निखारे पेटवत नाही, त्यामुळे ते घुमट दिव्याच्या उष्णतेजवळ ठेवून फिरवत बसावे लागले. त्यात वीस मिनिटे गेली. उरलेली अकरा मुले तोवर एकमेकांच्या घुमटांत तोंड घालून ओरडत होती, आणि ज्याच्यासाठी हे सगळे चालले होते तो मुलगा रडवेला होऊन कोपऱ्यात बसला होता.

हा प्रकार एकदाच घडला असता तर त्याची नोंदही केली नसती. परंतु जून ते सप्टेंबर या काळात दर दोन-तीन वर्गांमागे एकदा तो घडतोच, आणि वाया जाणारा वेळ सगळ्या मुलांच्या वाट्याचा असतो. आमची वर्गातील घुमटे कोरड्या खोलीत टांगलेली असतात आणि वर्गाच्या अर्धा तास आधी प्रत्येकावर बोट मारून पाहिलेले असते.

दुसरे कारण मापाचे आहे. घुमट म्हणजे दोन्ही बाजूंना तोंड असलेले मातीचे भांडे. त्याचे मोठे तोंड कातड्याने मढवतात आणि लहान तोंड उघडे असते. उजव्या हाताची बोटे कातड्यावर चालतात, आणि डाव्या हाताचा तळवा लहान तोंड झाकत-उघडत आतल्या हवेला वळण देतो. घुमटाचा खरा घुमणारा नाद या डाव्या हातातून येतो. आजोबांच्या घुमटाचे लहान तोंड आजोबांच्या तळव्याच्या मापाचे असते. दुसरीतल्या मुलीचा तळवा त्यावर ठेवला तर बाजूने हवा निसटते, नाद उठत नाही, आणि तो उठावा म्हणून मूल उजव्या हाताने अधिक जोरात मारू लागते. महिनाभरात ही सवय इतकी पक्की होते की पुढे योग्य मापाचे घुमट हातात दिले तरी डावा हात नुसता टेकलेला राहतो. लागलेले वळण मोडणे हे नव्याने शिकवण्यापेक्षा जड काम आहे, हे आमच्या शिक्षकांना विचारून पाहावे.

माप पाहण्याची रीत सोपी आहे. मुलाने मांडी घालून बसावे, घुमट मांडीवर आडवे घ्यावे आणि डावा तळवा लहान तोंडावर ठेवावा. कुठेही फट न राहता तोंड पूर्ण झाकले गेले आणि खांदा वर उचलला गेला नाही, तर माप बरोबर आहे. मुलांच्या मापाची भांडी आम्ही डिचोलीकडील कुंभारांकडून मुद्दाम घडवून घेतो. बाजारात चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी जी चिमुकली शोभेची घुमटे येतात, ती मुलांच्या हातात छान दिसतात, पण शिकण्याच्या उपयोगाची नसतात.

तिसरे कारण थोडे अवघड आहे. जुन्या घुमटांवर घोरपडीचे कातडे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिलेले असून तिची शिकार आणि तिच्या कातड्याचा व्यापार हा गुन्हा आहे. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून मान दिला, आणि आजची घुमटे बकऱ्याच्या कातड्याने मढवली जातात. जुने वादक नादातला फरक बोलून दाखवतात. तो आमच्याही कानाला कळतो, पण त्यावर तडजोड होऊ शकत नाही. कातड्यावर बारीक खवल्यांची नक्षी दिसत असेल, तर असे घुमट कृपया दुकानात किंवा शाळेत आणू नये. आम्ही ते मढवून देत नाही, विकत घेत नाही आणि त्याच्या मोबदल्यात नवे देत नाही. कोणाच्या आजोबांविषयी यात अनादर नाही; त्यांच्या काळी ती सर्रास पद्धत होती.

यावर साहजिकच विचारले जाते, की मग मुलाने घरी सराव कशावर करावा. पहिले दोन महिने घरी घुमट लागतच नाही. या काळात मुले टाळी देत मात्रा मोजायला शिकतात, आधी केरव्याच्या ८ आणि मग दादऱ्याच्या ६. उजव्या हाताच्या बोटांसाठी लाकडी पाट पुरतो. डाव्या हातासाठी रिकामे लहान मडके किंवा तांब्या घ्यावा आणि त्याच्या तोंडावर तळव्याने हलकेच थाप मारून हात लगेच उचलावा. आतली हवा घुम्म असा आवाज देते. तो आवाज मुलाला एकदा सापडला की ते दिवसभर घरातली सगळी भांडी वाजवत सुटते, त्याबद्दल घरच्यांची आगाऊ क्षमा मागतो.

दोन महिन्यांनंतर घरी घुमट हवे असल्यास ते आमच्याकडून विकत घेता येते किंवा अनामत ठेवून भाड्याने नेता येते. अनामत का, असेही विचारले जाते. मातीच्या भांड्याची कड उडाली की ते सांधता येत नाही आणि कातडेही वाया जाते. घुमट धडधाकट परत आल्यास पूर्ण अनामत त्याच दिवशी परत मिळते. मुलाचा हात वाढल्यावर मोठ्या मापाचे घुमट बदलून देतो, आणि त्यासाठी नव्याने अनामत घेत नाही.

मुलींना प्रवेश आहे का, असे अजूनही कोणी विचारते. आहे, आणि सध्याच्या बारा जणांत सात मुली आहेत. मांडो या गोव्याच्या कोकणी गीतप्रकाराच्या साथीसाठी शिकायचे असलेल्या मुलांनाही हाच वर्ग चालतो, कारण हाताची बैठक तीच असते. कासाळे (घुमटाबरोबर वाजणाऱ्या झांजा) सगळ्यांना सुरुवातीपासून देतो, मात्र शामेळ या काठ्यांनी वाजवायच्या साथीच्या तालवाद्याच्या काठ्या चौथीच्या आधी कोणाच्या हाती देत नाही.

घरच्या बकऱ्याच्या कातड्याच्या घुमटाला घरीच मान असू द्यावा. ते प्लास्टिकमध्ये न गुंडाळता सुती पिशवीत घालून, ओल न धरणाऱ्या भिंतीवर टांगावे, आणि पावसाने उघडीप दिली की तासभर कोवळ्या उन्हात ठेवावे. कातडे सैल झाले असेल, तर मढवण्यासाठी ते मे महिन्याच्या अखेरीपर्यंत दुकानात आणून द्यावे. पावसाळ्यात ताणलेले कातडे नीट सुकत नाही, म्हणून जूनपासून आलेले काम आम्ही दसऱ्यापर्यंत हाती घेत नाही, चवथीच्या आदल्या आठवड्यात कोणीही कितीही गळ घातली तरी.