जपून म्हणजे नेमकं किती?

एरवीच्या हार्ट अटॅकमागे चरबीचा थर असतो. 'स्कॅड' (स्पॉन्टेनियस कोरोनरी आर्टरी डिसेक्शन) या प्रकारात तसं नसतं. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या भिंतीचे पदर आपोआप सुटतात, मध्ये रक्त शिरतं आणि तो फुगवटा आतली वाट दाबून टाकतो. याचे जवळपास 90 टक्के रुग्ण स्त्रिया, त्याही बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या. पहिली नोंद 1931 मधली, 42 वर्षांच्या स्त्रीच्या शवविच्छेदनातली.

सुटलेली भिंत बहुतेक वेळा स्टेंट न घालता, काही महिन्यांत आपली आपण भरून येते. धास्ती मात्र जात नाही. काहींना झटका व्यायाम करतानाच किंवा जड वस्तू उचलताना आलेला असतो. त्यात घरी सोडताना सल्ला मिळतो, "जपून राहा." म्हणजे जिना चढायचा की नाही? लेकराला कडेवर घ्यायचं की नाही? पूर्वी डॉक्टरही व्यायाम बंदच करायला सांगत. आता बेताचा, देखरेखीखालचा व्यायाम सुचवला जातो.

पण हे रुग्ण थोडे आणि विखुरलेले. हृदयरुग्णांना व्यायाम शिकवणाऱ्या नेहमीच्या पुनर्वसन वर्गात अशा बाईच्या आजूबाजूला बहुधा बायपास झालेले, वयानं मोठे पुरुष असतात. हाच वर्ग व्हिडिओ कॉलवर घेतला तर मात्र दूरदूरच्या पाच-सहा जणी एकत्र येऊ शकतात. माझ्या मते या पद्धतीचा खरा फायदा हाच. प्रवास वाचतो ते वेगळंच.

आधी तपासण्या होतात, मगच सुरुवात. सत्र सुरू होताना फिजिओथेरपिस्ट विचारतो: आज कुठल्या पत्त्यावर आहात, घरात कोण आहे? अँब्युलन्स पाठवायची वेळ आली तर हे लागतं. मग बीपी मोजायचं, हळूहळू अंग मोकळं करायचं. बीटा ब्लॉकर हे हृदयाची गती कमी करणारं औषध चालू असेल तर नाडीचे ठोके दबलेले राहतात, त्यामुळे घड्याळातल्या आकड्यावर विसंबता येत नाही. म्हणून बोर्ग मापनपट्टी वापरतात, म्हणजे किती श्रम वाटताहेत ते आपणच आकड्यात सांगायचं: 6 म्हणजे काहीच श्रम नाहीत, 20 म्हणजे कमाल. साधारण 11 ते 13 च्या दरम्यान राहायचं. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणणं जड गेलं तरी चालेल.

वजनं हलकी, आवर्तनं जास्त. दम रोखून जोर लावला की बीपी एकदम उसळतं, म्हणून उचलताना श्वास सोडायचा. श्वास रोखलेला चेहऱ्यावरून कळतो, त्यासाठी कॅमेऱ्यात चेहरा दिसायलाच हवा.

स्कॅड पुन्हा होऊ शकतो. त्यामुळे सत्रात छातीत दुखलं तर "ताण आला असेल" म्हणून सोडून देत नाहीत. व्यायाम थांबवून थेट हॉस्पिटल गाठायचं.