हवा शुद्ध करणारी भिंत, पण कोणत्या उजेडात?

दिवाळीआधी घरं रंगवायचा हंगाम आला की ‘हवा शुद्ध करणाऱ्या’ रंगांच्या जाहिराती सुरू होतात. कारण काय, तर त्यात टायटॅनियम डायऑक्साइड आहे. अहो, तो जवळपास प्रत्येक पांढऱ्या रंगात असतो! फक्त साध्या रंगात त्याच्या कणांवर सिलिका किंवा ॲल्युमिनाचा पातळ थर मुद्दाम चढवतात. तो नसेल तर हे कण उन्हात रंगातलंच रेझिन, म्हणजे रंग धरून ठेवणारा चिकट पदार्थ, पोखरतात आणि भिंतीला हात लावला की पांढरी भुकटी येते. हीच खोड प्रदूषकांवर सोडायची, याला म्हणतात प्रकाश-उत्प्रेरण, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर रासायनिक क्रिया घडवणं.

टायटॅनियम डायऑक्साइड अर्धवाहक (सेमीकंडक्टर) आहे. त्याच्या ॲनाटेज या स्फटिकरूपात इलेक्ट्रॉनांनी भरलेला ऊर्जेचा पट्टा आणि वरचा रिकामा पट्टा यांच्यात ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टचं (हे ऊर्जेचं एकक) अंतर असतं. साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील फोटॉन (प्रकाशाचा कण) आदळला की इलेक्ट्रॉन वरच्या पट्ट्यात जातो आणि खाली धनभारित ‘होल’ उरतं. बहुतेक जोड्या लगेच पुन्हा जुळतात आणि ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. खरी गंमत पृष्ठभागापर्यंत टिकलेल्या थोड्या जोड्यांची. होल तिथे चिकटलेल्या पाण्याकडून इलेक्ट्रॉन हिसकावतं, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल, म्हणजे जोडी नसलेला इलेक्ट्रॉन बाळगणारा अस्थिर तुकडा, बनतो. वर गेलेल्या इलेक्ट्रॉनला हवेतला ऑक्सिजन उचलतो आणि त्या ऑक्सिजनचा सुपरऑक्साइड होतो. ऑक्सिजनने तो उचलला नाही, तर इलेक्ट्रॉन साचतात, होलांशी जुळतात आणि कारभार थंडावतो. रॅडिकल मात्र भलताच आक्रमक. प्लायवुडच्या डिंकातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइडचा तो हायड्रोजन ओढतो. मग फॉर्मिक आम्ल, शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. उत्प्रेरक, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, होता तसाच.

सगळेच रेणू इतके सरळ नसतात. थिनरमधल्या टोल्युइनपासून बेन्झाल्डिहाइड आणि बेन्झोइक आम्ल बनतं, ते पृष्ठभागाला चिकटून जागा अडवतं. सॅनिटायझरमधल्या इथेनॉलचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, म्हणजे मधल्या टप्प्यावर जास्त त्रासदायक वायू! अर्धवट विघटन हा या तंत्राचा खरा दोष, आणि जाहिरातीत तो कधीच नसतो. (कापूर जाळून हवा शुद्ध होते, या समजुतीबद्दल तर काय बोलावं? धुराने हवेतले सेंद्रिय वायू आणि काजळी वाढतात, कमी होत नाहीत.)

१९७२मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी प्रकाश आणि टायटॅनियम डायऑक्साइड वापरून पाण्याचं विघटन करून दाखवलं, तेव्हापासून या विषयाला जोर आला. २००३मध्ये रोममध्ये पूर्ण झालेल्या जुबिली चर्चचं काँक्रीट याच तत्त्वावर स्वतःला स्वच्छ ठेवण्यासाठी बनवलं होतं. तिथे मोकळं ऊन आहे. सूर्यप्रकाशातही अतिनील किरणांचा वाटा जेमतेम ५ टक्के, घरातल्या एलईडीत तर जवळपास शून्य. म्हणून दुकानदाराला एवढंच विचारा : हा रंग कोणत्या उजेडात काम करतो, आणि हवा शुद्ध होते याची मोजणी घरातल्या साध्या दिव्याखाली केली की अतिनील नळीखाली?