मलायातील शरणागती-प्रचार मोहीम

मलायातील (आजच्या मलेशियाचा द्वीपकल्पीय भाग) साम्यवादी बंडामुळे जाहीर झालेल्या आणीबाणीच्या काळात (१९४८–६०) सशस्त्र साम्यवाद्यांनी जंगल सोडून शरण यावे, यासाठी ब्रिटिश वसाहत सरकारने आणि १९५७ नंतर स्वतंत्र मलाया संघराज्याने राबवलेली मोहीम. मलायन कम्युनिस्ट पक्षाच्या सैन्यात चिनी वंशाच्या लोकांचा मोठा भरणा होता. सरकारी कागदपत्रांत त्यांना आरंभी ‘डाकू’ आणि १९५२ पासून ‘साम्यवादी दहशतवादी’ म्हटले जाई.

सप्टेंबर १९४९ मध्ये पहिली मर्यादित माफी जाहीर झाली, पण तिला अल्प प्रतिसाद मिळाला. मोहिमेला शिस्तबद्ध रूप आले ते १९५० मध्ये बीबीसीचे ह्यू कार्लटन ग्रीन यांच्याकडे माहिती सेवेची सूत्रे आल्यानंतर. चिनी, मलाय व तमिळ भाषांत पत्रके निघू लागली आणि त्यांत साम्यवादाचे खंडन करण्यापेक्षा उपासमार, वरिष्ठांचा जाच, घरच्यांपासूनची ताटातूट या सामान्य सैनिकाच्या तक्रारींवर भर देण्यात आला. शरण आलेल्याचे छायाचित्र व त्याच्या हस्ताक्षरातील पत्र छापले जाई, कारण तो जिवंत आहे आणि त्याला चांगली वागणूक मिळते आहे, हे जंगलातल्या साथीदारांना पटणे आवश्यक होते. ध्वनिक्षेपक बसवलेल्या विमानांतून दिला जाणारा संदेश अगदी आटोपशीर ठेवून पुन्हा पुन्हा ऐकवावा लागे. विमान पुढे सरकत असल्याने लांब वाक्याचा शेवट खालच्या माणसापर्यंत पोहोचत नसे. या कामात सी. सी. टू या स्थानिक चिनी अधिकाऱ्याचा वाटा मोठा होता. मजकूर खरा असला पाहिजे, हा त्यांचा आग्रह मोहिमेचा खरा आधार मानावा लागेल.

मोहिमेच्या परिणामाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. कुमार रामकृष्ण यांनी प्रचाराला निर्णायक महत्त्व दिले आहे, मात्र त्यांच्या मांडणीत शब्दांइतकाच सरकारच्या कृतीचाही समावेश होतो. कार्ल हॅक यांच्या मते बंडाचा कणा १९५२ च्या सुमारास, म्हणजे ब्रिटिश उच्चायुक्त जनरल टेम्प्लर यांच्या धोरणाला फळे येण्यापूर्वीच, लोकसंख्येवरील नियंत्रणामुळे मोडला होता. १९५० च्या ब्रिग्ज योजनेनुसार सुमारे पाच लाख लोकांना कुंपणबंद ‘नव्या खेड्यांत’ हलवल्याने बंडखोरांची रसद तुटली. ऑक्टोबर १९५१ मध्ये पक्षानेच सामान्य जनतेवरील हिंसा आवरण्याचे आदेश दिले होते, हेही येथे लक्षात घ्यावे लागते. माफीच्या घोषणांचा कालक्रम पाहता हॅक यांचे मत अधिक सयुक्तिक वाटते. १९४९ आणि १९५५ च्या घोषणा फारशा फळल्या नाहीत. सप्टेंबर १९५७ ची, स्वातंत्र्यानंतर लगेच झालेली घोषणा मात्र प्रभावी ठरली. तोवर उपासमार तीव्र झाली होती आणि वसाहतवादाविरुद्ध लढण्याचे कारणही उरले नव्हते. एप्रिल १९५८ मध्ये दक्षिण मलायातील बंडखोरांचा प्रमुख होर लुंग शरण आला. ही गोष्ट काही काळ गुप्त ठेवून त्याच्याकरवी त्याच्या हाताखालच्या तुकड्यांनाही बाहेर आणण्यात आले.

अधिकृत आकडेवारीनुसार आणीबाणीत ६,७१० बंडखोर मारले गेले, १,२८७ पकडले गेले आणि २,७०२ शरण आले. या आकड्यांवरून मतपरिवर्तनाची व्याप्ती आणि मर्यादा दोन्ही दिसतात. शिवाय सरकारची स्वतःची कृत्ये प्रचाराला छेद देत होती. डिसेंबर १९४८ मध्ये बातांग काली येथे ब्रिटिश सैनिकांनी २४ निःशस्त्र गावकऱ्यांना ठार केले, तर १९५२ मध्ये तांजोंग मालिम येथे संपूर्ण गावावर २२ तासांची दैनंदिन संचारबंदी व शिधाकपात लादली गेली. सामूहिक शिक्षा भोगणाऱ्या गावात दयेचे आश्वासन देणारे पत्रक कितपत विश्वासार्ह वाटले असेल, हा प्रश्न सरकारी अहवालांच्या आधारे सुटणारा नाही.

दक्षिण व्हिएतनाममध्ये १९६३ पासून राबवलेल्या ‘च्यू होई’ शरणागती योजनेवर मलायाच्या अनुभवाचा प्रभाव होता. मलायात काम केलेले रॉबर्ट थॉम्पसन तेथे सल्लागार होते. मलायातील आणीबाणी ३१ जुलै १९६० रोजी संपली. उरलेले बंडखोर थायलंडच्या सीमेवर टिकून राहिले आणि २ डिसेंबर १९८९ च्या हात याई करारानंतर त्यांनी शस्त्रे खाली ठेवली.